पिजन क्रीकचे टेकाड : एका वसाहतकरी दफनभूमीच्या दोन शतकांचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात अगदी दक्षिणेला, ओहायो नदीपासून फार लांब नसलेल्या स्पेन्सर काउंटीत, झाडांनी वेढलेले एक ठेंगणे टेकाड आहे. १८१८ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत लिटल पिजन क्रीक या ओढ्याच्या परिसरात राहणाऱ्या वसाहतकऱ्यांनी आपली माणसे एकामागून एक या टेकाडावर पुरली. थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो हे दांपत्य आधी गेले, पाठोपाठ नॅन्सी ब्रूनर ही शेजारीण गेली आणि ५ ऑक्टोबर रोजी नॅन्सी हँक्स लिंकन हिचा मृत्यू झाला. नॅन्सी लिंकनचा नऊ वर्षांचा मुलगा अब्राहम पुढे अमेरिकेचा सोळावा राष्ट्राध्यक्ष झाला. केवळ त्या एका गोष्टीमुळे हे टेकाड आजही दफनभूमी म्हणून ओळखता येते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात अशा लहान कौटुंबिक दफनभूम्या एके काळी जागोजागी होत्या. चर्च उभे राहण्याआधी, गाव वसण्याआधी माणसे मरत होती आणि त्यांना घराजवळच्या एखाद्या उंचवट्यावर पुरले जात होते. पुढे कुटुंब दुसरीकडे गेले, जमीन विकली गेली, लाकडी खुणा कुजल्या आणि नव्या मालकाचा नांगर तेथून फिरला. पिजन क्रीकच्या टेकाडावर हे घडले नाही, पण दुसरे एक घडले. एकाच कबरीला मान देण्याच्या ओघात बाकीच्या कबरी मागे पडल्या, आणि प्रत्येक पिढीने आदराच्या भावनेने त्या जागेवर आपली भर घातली. या जागेचे पहिले नुकसान दुर्लक्षामुळे झाले आणि दुसरे आदरामुळे, हे या प्रकरणाच्या अभ्यासातून दिसते, असे माझे मत आहे.

जमीन आणि तिच्यावर आलेली माणसे

वसाहतकऱ्यांचा इतिहास सांगताना ती भूमी जणू रिकामीच होती असे सुचवले जाते. ते खरे नाही. दक्षिण इंडियानाचा हा पट्टा १८०४ च्या व्हिन्सेन्स येथील करारांद्वारे डेलावेअर आणि पियांकशॉ या मूलनिवासी जमातींकडून अमेरिकी सरकारने घेतला, आणि त्यानंतरच तेथे जमिनीची मोजणी होऊन विक्री सुरू झाली. नॅन्सी लिंकनला पुरले गेले तेव्हा त्या कराराला जेमतेम चौदा वर्षे झाली होती.

थॉमस लिंकन व्हर्जिनियात जन्मला आणि केंटकीत वाढला. त्याच्या लहानपणीच, १७८६ मध्ये, त्याचा बाप मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला होता. थॉमस सुतारकाम आणि शेती करी. केंटकीत त्याने एकामागून एक जमिनी घेतल्या, परंतु तेथील मोजणी इतकी ढिसाळ होती की एकाच तुकड्यावर अनेकांचे हक्क सांगितले जात, आणि थॉमसला त्यापायी पैसा आणि जमीन दोन्ही गमवावे लागले. इंडियानात सरकारी मोजणी चौकोनी तुकड्यांत, सरळ रेषांत झालेली असल्यामुळे मालकीचा वाद निघण्याची शक्यता कमी होती. शिवाय १७८७ च्या कायद्याने या प्रदेशात गुलामगिरीला मनाई केलेली होती. लिंकन यांनी पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात कुटुंबाच्या स्थलांतराची हीच दोन कारणे दिली आहेत, आणि त्यांतही जमिनीच्या मालकीतली अडचण हे मुख्य कारण मानले आहे.

इंडियानाला ११ डिसेंबर १८१६ रोजी राज्याचा दर्जा मिळाला आणि साधारण त्याच सुमारास थॉमस, नॅन्सी, नऊ वर्षांची सारा आणि सात वर्षांचा अब्राहम हे चौघे ओहायो नदी ओलांडून दाट जंगलातून वाट काढत पिजन क्रीकच्या परिसरात पोहोचले. १८१७ च्या ऑक्टोबरात थॉमसने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकरांवर दावा नोंदवला. दर एकरी २ डॉलर होता आणि रक्कम हप्त्यांनी भरायची होती. पूर्ण रक्कम त्याला कधीच जमली नाही, म्हणून १८२७ मध्ये त्याने निम्मी जमीन सरकारला परत केली आणि तिच्यापोटी भरलेले पैसे उरलेल्या ८० एकरांच्या खात्यावर वळवून तेवढ्या जमिनीची मालकी पक्की केली. दफनभूमीच्या इतिहासात हा तपशील अनाठायी वाटेल, पण ज्या घराला जमिनीचे हप्ते फेडणे जड जात होते, त्या घराने कोरीव दगड का बसवला नाही, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या व्यवहारात आहे.

१८१७ च्या अखेरीस थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो हेही केंटकीहून आले. एलिझाबेथ ही नॅन्सीची मावशी, आणि नॅन्सी लहानपणी काही काळ त्यांच्याच घरी वाढली असे मानले जाते. त्यांच्याबरोबर डेनिस हँक्स नावाचा अठरा वर्षांचा नातलग मुलगा होता. ओंडक्यांचा, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा, असा एक निवारा लिंकन यांच्या जागेवर होता, त्यात या मंडळींनी मुक्काम केला. म्हणजे टेकाडावर ज्यांना पुरले गेले त्यांतले तिघे एकाच घरचे आणि चौथी शेजारची होती.

दुधातून आलेले मरण

त्या शरद ऋतूत या वस्तीत जो आजार आला त्याला तेथील लोक दुधाचा आजार म्हणत. गुरे आधी थरथरू लागत, मग कोसळत आणि मरत. त्यांचे दूध प्यालेल्या माणसांना प्रचंड अशक्तपणा येई, पोटात कळा आणि न थांबणाऱ्या उलट्या सुरू होत, जिभेवर पांढरट थर चढे, श्वासाला विचित्र गोडसर वास येई, आणि बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बेशुद्धीत जाऊन दगावत. संसर्गजन्य रोग असावा तसा तो एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यासारखा दिसे, कारण एका वस्तीतल्या गायी एकाच रानात चरत असत.

खरे कारण जंगलाच्या सावलीत वाढणारी, पांढऱ्या फुलांचे झुबके येणारी एक वनस्पती होती. तिला इंग्रजीत व्हाइट स्नेकरूट आणि शास्त्रीय परिभाषेत अजेराटिना अल्टिसिमा म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी, विशेषतः कोरड्या वर्षी, कुरणातले गवत वाळले की मोकळी सोडलेली गुरे रानात शिरत आणि हिरवी दिसणारी ही झुडपे खात. वनस्पतीतले विष दुधात उतरे. जंगल नुकतेच तोडायला घेतलेल्या आणि कुंपण घातलेली कुरणे नसलेल्या वसाहतींनाच हा आजार जास्त भोवला, आणि शेतजमीन वाढून गुरे बांधीव कुरणात चरू लागली तशी त्याची साथ ओसरली.

कारणाचा शोध लागण्याची हकिकत या प्रकरणात यायलाच हवी. शेजारच्या इलिनॉय राज्याच्या आग्नेय भागात ॲना पियर्स हॉब्ज बिक्सबी ही सुईण आणि वैदूकाम करणारी बाई राहत होती. १८३० च्या दशकात तिने शॉनी या मूलनिवासी जमातीच्या एका बाईकडून या वनस्पतीची ओळख करून घेतली, ती वासराला खाऊ घालून खात्री केली आणि आपल्या परिसरात ती उपटून टाकण्याची मोहीम चालवली, असे तेथे परंपरेने सांगितले जाते. तिच्या म्हणण्याकडे वैद्यकीय जगाने कित्येक दशके लक्ष दिले नाही. त्या वनस्पतीतले विषारी द्रव्य वेगळे करून त्याला ट्रेमेटॉल हे नाव देण्याचे काम जेम्स काउच या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात केले, तेव्हा टेकाडावरच्या माणसांना पुरून शंभर वर्षे उलटून गेली होती. या प्रदेशातून ज्या मूलनिवासींना हुसकावले गेले त्यांच्यापैकी एका बाईला जे ठाऊक होते ते वसाहतकऱ्यांना वेळीच कळले असते, तर या टेकाडावर कदाचित दफनभूमी झालीच नसती. हा विचार मनाला लागतो.

स्पॅरो पती-पत्नी सप्टेंबरात गेली. नॅन्सी लिंकनने त्यांची शुश्रूषा केली होती. नंतर पीटर ब्रूनरची बायको आजारी पडली तेव्हा नॅन्सी तिच्याकडेही जात होती. मग ती स्वतः अंथरुणाला खिळली आणि साधारण सात दिवसांत गेली. जवळपास डॉक्टर नव्हता, आणि असता तरी त्याच्या हाती उपाय नव्हता.

दफन

दफनाविषयीची बहुतेक माहिती दोन-तीन माणसांच्या खूप नंतरच्या आठवणींतून येते, आणि म्हणूनच ती जपून वापरावी लागते. डेनिस हँक्सने १८६५ मध्ये आणि त्यानंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, झोपडी बांधताना उरलेल्या ओंडक्याच्या फळ्या थॉमसने दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीने काढल्या, त्यांची पेटी केली, आणि फळ्या जोडण्यासाठी लागणाऱ्या लाकडी मेखा नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने तासून दिल्या. लोखंडी खिळे महाग आणि दुर्मीळ असल्यामुळे मेखांचे काम त्या काळी नेहमीचे होते. मुलाच्या हातून ते झाले याला डेनिसच्या शब्दाखेरीज पुरावा नाही, पण सुताराच्या घरातल्या मुलाला हे काम दिले गेले असेल यावर विश्वास ठेवायला काही हरकत नाही.

ब्रूनर यांचा मुलगा हेन्री त्या वेळी शाळकरी वयाचा होता. म्हातारपणी त्याने सांगितलेली हकिकत मला डेनिसच्या हकिकतीइतकीच मोलाची वाटते. त्याची आई आणि लिंकनबाई या दोघींचे देह चाके नसलेल्या लाकडी घसरगाड्यांवरून टेकाडावर नेले गेले, कारण त्या रानात गाडीवाट नव्हती. लिंकनबाईंच्या कबरीत माती लोटून झाल्यावर पीटर ब्रूनरने थॉमस लिंकनपुढे हात केला आणि आता आपण भाऊ झालो असे म्हटले. आठवड्याभराच्या अंतराने विधुर झालेल्या दोन शेतकऱ्यांची ती भेट होती. या जागेचा मूळ स्वभाव काय होता हे समजायला या हकिकतीइतका चांगला आधार नाही. १८१८ मध्ये त्या टेकाडावर सगळ्या कबरींचा दर्जा सारखा होता, आणि ते शेजाऱ्यांचे सामायिक टेकाड होते.

त्या वेळी तेथे धर्मोपदेशक उपलब्ध नव्हता. डेव्हिड एल्किन नावाचा केंटकीतला बाप्टिस्ट उपदेशक नंतर, काही महिने उलटल्यावर, आला आणि त्याने कबरीजवळ प्रवचन केले. त्याला अब्राहमने पत्र लिहून बोलावले अशी दंतकथा आहे. लिंकन यांच्या नावावर पत्रे चढवण्याची हौस सर्वत्र आहे. त्यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिले असे सांगितले जाणारे, आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांत व शाळांत भिंतीवर लावलेले पत्रही त्यांचे असल्याचा पुरावा सापडलेला नाही. प्रवचन झाले एवढे धरून चालावे आणि पत्राची गोष्ट बाजूला ठेवावी, हे बरे.

खुणेवाचूनची साठ वर्षे

कबरीवर कोरीव दगड बसवला गेला नाही. टेकाड घरापासून दक्षिणेला सुमारे पाव मैलावर होते. उंच जागा पाण्याचा निचरा होणारी आणि नांगरटीला फारशी सोयीची नसलेली, म्हणून दफनासाठी ती निवडण्याची त्या लोकांची रीत होती. डोक्याशी रानातला अनघड दगड किंवा लाकडी फळी, एवढीच खूण अशा ठिकाणी असे.

पुढील काळात कुटुंबाचे या टेकाडाशी असलेले नाते हळूहळू सैल झाले. थॉमसने २ डिसेंबर १८१९ रोजी केंटकीत सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले आणि ती आपली तीन मुले घेऊन पिजन क्रीकला आली. १८२० च्या दशकाच्या आरंभी वस्तीसाठी बाप्टिस्ट चर्चची इमारत उभी राहिली. तिच्या कामात थॉमसचाही हात होता. चर्चला लागून दफनभूमी झाली, आणि अब्राहमची बहीण सारा २० जानेवारी १८२८ रोजी बाळंतपणात गेली तेव्हा तिला आईशेजारी न पुरता चर्चच्या आवारात पुरले गेले. टेकाडावर त्यानंतरही काही दफने झाली, परंतु वस्तीचे मुख्य ठिकाण आता चर्च होते. मार्च १८३० मध्ये लिंकन कुटुंब जमीन विकून इलिनॉयला निघून गेले, आणि टेकाडाकडे बघणारे घरचे कोणी उरले नाही.

मुलाने आईच्या कबरीवर दगड का बसवला नाही, असा प्रश्न अनेकदा थोड्या दोषारोपाच्या सुरात विचारला जातो. लिंकन १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हेन्री क्ले यांच्या प्रचारासाठी इंडियानात गेले होते, आणि दीड वर्षाने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो भाग आपण वाढलो तो, आणि आई व एकुलती एक बहीण जेथे पुरल्या आहेत तो, असाच सांगितला. त्या भेटीतून त्यांना कविता सुचली, इतकी ती त्यांच्या मनात खोल गेली. बापाच्या कबरीवरही त्यांनी हयातीत दगड बसवला नाही. तसा तो बसवण्याचा त्यांचा विचार होता, असे त्यांच्या पत्नीने त्यांच्या मृत्यूनंतर सावत्र सासूला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. खुणेवाचून कबर असणे हे त्या समाजात अनास्थेचे लक्षण मानले जात नव्हते, आणि आजच्या संवेदनेने त्या मुलाला तोलणे योग्य होणार नाही.

लिंकन यांच्या हत्येनंतर त्यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन माहिती गोळा करत सप्टेंबर १८६५ मध्ये इंडियानात पोहोचले. त्यांनी केलेले वर्णन हा या दफनभूमीच्या स्थितीचा पहिला भरवशाचा लेखी पुरावा आहे. कबर खचून तिच्या जागी खळगा झाला होता, भोवती कुंपण नव्हते आणि डोक्याशी कोणतीही फळी किंवा दगड नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत पेटीचे लाकूड कुजले की वरची माती खाली बसते, आणि खचलेला खळगा हीच अशा कबरीची एकमेव खूण उरते. हर्नडन यांनी ती कबर इतर कबरींच्या मध्ये असल्याचेही टिपले. या नोंदीचे महत्त्व असे की त्या वेळी शेजारच्या कबरी कोणाच्या आहेत हे सांगू शकणारी माणसे गावात हयात होती. त्या माहितीचा रीतसर नकाशा त्याच वर्षी काढला गेला असता, तर पुढचे बरेच प्रश्न उरले नसते.

एका दगडाचे आगमन

१८७० च्या दशकात या भागातून रेल्वे आली आणि लिंकन यांच्या जुन्या शेतावरच लिंकन सिटी या नावाने वसाहतीचे भूखंड पाडले गेले. त्याच दशकाच्या मध्याला काही स्थानिक लोकांनी कबरीवर लहानसा दगड लावला, पण तो टिकला नाही.

१८७९ मध्ये पीटर स्टुडबेकर यांनी पुढाकार घेतला. साउथ बेंड येथील स्टुडबेकर बंधूंचा घोडागाड्या बनवण्याचा कारखाना तेव्हा देशात नावाजलेला होता. कबरीच्या दुरवस्थेविषयी वाचून त्यांनी रॉकपोर्ट येथील पोस्टमास्तरांना पत्र लिहिले, ५० डॉलरात मिळेल तो उत्तम दगड बसवावा असे सांगितले आणि आपले नाव जाहीर करू नये अशी अट घातली. त्यानुसार पांढरा संगमरवरी दगड बसला. त्यावर नॅन्सी हँक्स लिंकन हे नाव, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची आई ही ओळख, ५ ऑक्टोबर १८१८ ही मृत्यूची तारीख, ३५ हे वय, आणि तिच्या हुतात्मा पुत्राच्या एका मित्राने १८७९ मध्ये उभारला, एवढा मजकूर आहे. कबरीभोवतीच्या लोखंडी कुंपणाचा खर्च स्थानिक लोकांनी वर्गणी काढून केला, आणि सिनसिनाटीच्या ज्या मालकांकडे जमीन होती त्यांनी कबरीभोवतीची अर्धा एकर जागा काउंटीला देऊन टाकली.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वात प्रामाणिक वाटणारी कृती हीच आहे. देणाऱ्याने नाव लपवले, दगड साध्या मापाचा राहिला आणि कुंपणाचा खर्च गावाने वाटून घेतला. तरीही या क्षणी दफनभूमीचा स्वभाव बदलला, हेही नोंदवले पाहिजे. दगड नेमका कोठे बसवायचा हे जुन्या रहिवाशांच्या आठवणींवरून ठरवले गेले, म्हणजे त्याची जागा अंदाजाची आहे. दगड एकच बसला. स्पॅरो, ब्रूनर आणि इतर कबरींना त्या वेळी खूण मिळाली नाही, आणि दगडाच्या मानाने त्या आणखीच अदृश्य झाल्या. जोपर्यंत एकाही कबरीवर दगड नव्हता तोपर्यंत टेकाड सगळ्यांचे होते. एका कबरीवर तो बसल्यावर ते एकीचे झाले.

आदराचा अतिरेक

काउंटीकडे जागा आली तरी देखभालीची व्यवस्था झाली नाही, आणि १८९० च्या दशकात कबर पुन्हा झाडोऱ्यात बुडाली. तक्रारी गव्हर्नर जेम्स माउंट यांच्यापर्यंत गेल्यावर १८९७ मध्ये नॅन्सी हँक्स लिंकन स्मारक संघटना स्थापन झाली. लोकवर्गणी फारशी जमली नाही, परंतु लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १,००० डॉलर दिले. काउंटीने भोवतालची १६ एकर जमीन विकत घेतली, त्यामुळे दफनभूमीला प्रथमच आपले म्हणावे असे आवार मिळाले. आजवरच्या सर्व हस्तक्षेपांत जमीन मिळवण्याचे हे काम सर्वात कमी दिसणारे आणि सर्वात उपयोगाचे ठरले.

१९०२ मध्ये स्प्रिंगफील्डचे कंत्राटदार जे. एस. कल्व्हर यांनी एक कोरीव स्मारकशिला भेट दिली. लिंकन यांच्या स्प्रिंगफील्ड येथील समाधीचे नूतनीकरण त्यांनी केले होते आणि ही शिला त्या समाधीच्या उरलेल्या दगडातून घडवली होती. मुलाच्या समाधीचा दगड आईच्या कबरीवर यावा ही कल्पना हृद्य आहे, यात शंका नाही. मात्र ती शिला स्टुडबेकरांच्या दगडाच्या पुढ्यातच उभी केली गेली, आणि तेवीस वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून जपलेला साधा दगड तिच्या आड गेला. १९०७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने देखभाल एका मंडळाकडे सोपवली. या मंडळाच्या काळात नवे लोखंडी कुंपण आले, प्रवेशद्वारी खांबांवर गरुड आणि पुढे सिंहांचे पुतळे बसले, आवारात फुलांचे वाफे आणि सहलीची सोय झाली. ज्या टेकाडावर दोन शेतकऱ्यांनी घसरगाडीवरून आपल्या बायका आणल्या होत्या, तेथे आता दगडी सिंह स्वागताला बसले होते.

या मंडळींचा हेतू मी मुळीच कमी लेखत नाही. त्यांच्या काळात आदर दाखवण्याची भाषाच मोठे दगड, कमानी आणि शिल्पे ही होती. परंतु वसाहतकरी दफनभूमीचे मोल तिच्या साधेपणातच असते, आणि तो एकदा झाकला की पाहणाऱ्याला १८१८ ची गरिबी, एकाकीपणा आणि शेजारधर्म यांपैकी काहीच जाणवत नाही.

वजाबाकीची योजना

डिसेंबर १९२६ मध्ये इंडियाना लिंकन युनियन स्थापन झाली. तिच्या प्रमुखपदी स्टुडबेकर घराण्यातल्याच ॲन स्टुडबेकर कार्लाइल होत्या, आणि राज्याच्या उद्यानांची घडी बसवणारे रिचर्ड लिबर यांचा तिला आधार होता. युनियनने फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटे यांना बोलावले. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडांचे हे पुत्र, आणि स्वतःही त्या क्षेत्रातले मोठे नाव होते. १९२७ मध्ये जागा पाहून त्यांनी जो सल्ला दिला त्याचा गाभा काढून टाकण्याचा होता. सिंह, भपकेदार प्रवेशद्वार, वाफे, सहलीची जागा, टेकाडाजवळून जाणारा रस्ता, हे सगळे हटवावे, कबर आहे तशी साधी ठेवावी, भोवती स्थानिक जातींची झाडे लावून जंगल परत आणावे, आणि लोकांनी खालच्या चौकातून एका लांब, सरळ, दुतर्फा झाडी असलेल्या वाटेने पायी चढत यावे, अशी ती आखणी होती. कल्व्हर यांची शिलाही कबरीच्या पुढ्यातून काढून दुसरीकडे नेली गेली आणि १८७९ चा दगड पुन्हा समोर आला.

या योजनेची किंमत मात्र जिवंत माणसांनी मोजली. टेकाडाच्या आसपास लिंकन सिटीची घरे, हॉटेल आणि झोपडीच्या जागेजवळ शाळा होती. वसाहतकऱ्यांच्या काळाचा आभास निर्माण करण्यासाठी ही वस्ती विकत घेऊन पाडण्यात आली. सरळ, भव्य पायवाट ही सुद्धा १८१८ ची नव्हे. तेथे तेव्हा गाडीवाटही नव्हती. म्हणून ओल्मस्टेडांनी दफनभूमी मूळ स्थितीत आणली असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी कबरीजवळ थांबून शांतपणे विचार करता येईल अशी एक नवी जागा घडवली, आणि ती घडवताना कबरीला हात लावला नाही. माझ्या मते त्यांचे खरे श्रेय दुसऱ्या गोष्टीत आहे. कबरीजवळ काहीही नवीन बांधायचे नाही ही मर्यादा त्यांनी घालून दिली आणि ती पुढच्या सर्वांनी पाळली. १९४० च्या दशकात चुनखडकाची स्मारक इमारत उभी राहिली तीही टेकाडापासून दूर, खालच्या बाजूला. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी संमत झालेल्या कायद्याने ही जागा लिंकन बालपण राष्ट्रीय स्मारक झाली आणि संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली.

या प्रकरणातून इतर लहान दफनभूम्यांसाठी काय घ्यावे

कामांचा क्रम हा येथील सर्वात उपयोगी धडा आहे. पिजन क्रीकला आधी दगड आला, मग कुंपण, मग आवार, आणि सगळ्यात शेवटी सम्यक आराखडा. प्रत्यक्षात याच्या उलट जाणे श्रेयस्कर. एखाद्या विस्मृत कौटुंबिक दफनभूमीचे काम हाती घेणाऱ्याने प्रथम हयात माणसांच्या आठवणी नाव, नाते आणि दिशा यांसह लिहून घ्याव्यात, खचलेले खळगे आणि अनघड दगड यांचा मोजमापासह नकाशा काढावा, आणि एकही दगड हलवू नये, कारण रानातला साधा दिसणारा धोंडा हाच कित्येकदा कबरीचा मूळ दगड असतो. त्यानंतर जागेची कायदेशीर मालकी व जाण्यायेण्याचा हक्क कागदावर आणावा. कुंपण घालायचे तर ते सर्व कबरींना कवेत घेणारे असावे. नवी खूण लावायची तर सर्वांच्या नावाची मिळून एक लावावी, आणि जागा अंदाजाची असेल तर तसे तिच्यावर लिहावे.

पिजन क्रीकला हे सुरुवातीला घडले नाही, म्हणून आज थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो नेमके कोठे आहेत हे बोट ठेवून दाखवता येत नाही. त्यांनी नॅन्सीला लहानपणी सांभाळले, तिने त्यांच्या आजारपणात त्यांना सांभाळले, आणि त्यांच्यामागोमाग तीही गेली. या तिघांना वेगळे करून फक्त एकीची कबर दाखवणे हे इतिहास म्हणून अपुरे आहे. दफनभूमीला आता पायोनियर सिमेटरी, म्हणजे वसाहतकऱ्यांची दफनभूमी, म्हटले जाते ही सुधारणा योग्य दिशेची आहे. कारण हे नाव राष्ट्राध्यक्षांच्या आईपुरते मर्यादित नाही.

स्टुडबेकरांच्या दगडाविषयी एक मुद्दा उरतो. नॅन्सीचा जन्म ५ फेब्रुवारी १७८४ चा मानला जातो, आणि तो धरला तर मृत्यूसमयी तिचे वय ३४ होते. दगडावर ३५ कोरलेले आहे. हा आकडा दुरुस्त करावा असे कोणाला वाटू शकेल, परंतु तो तसाच ठेवणे बरोबर आहे. १८७९ मध्ये लोकांना तिच्याविषयी काय आणि किती ठाऊक होते याचा तो पुरावा आहे, आणि तो दगड आता तिच्या कबरीइतकाच या दफनभूमीच्या इतिहासाचा भाग झाला आहे. योग्य वय माहितीफलकावर लिहावे, आणि त्याच फलकावर शेजारच्या कबरींची नावेही तितक्याच मोठ्या अक्षरांत यावीत.